गाय, पन्नास हजार आणि मराठी टक्का

गेल्या गणेशोत्सवात बेळगावातल्या आमच्या गल्लीत व्याख्यान झाले. विषय होता सीमाभागातील मराठी माणसाचे भवितव्य. वक्ते तावातावाने म्हणाले, "मराठी टक्का राखायचा असेल तर घरटी तीन मुले हवीत, आणि सरकारने त्यासाठी रोख बक्षीस द्यावे." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मागच्या रांगेतल्या एक काकी मात्र मोठ्याने म्हणाल्या, "बोलायला काय जातंय वो ह्यांचं? तीन पोरं सांभाळायला हे येणार हाईत काय?" तेव्हापासून माझीच टाळी मला टोचते आहे, म्हणून हे लिहितो.

वक्ते एकटे नाहीत. आंध्र प्रदेशात दोनपेक्षा अधिक मुले असणाऱ्याला ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नसे. नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेने ती अट काढून टाकली. त्याच्या आदल्याच महिन्यात मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू म्हणाले होते की, दोनपेक्षा जास्त मुले असणाऱ्यांनाच उमेदवारी देण्याचा कायदा करण्याचा विचार आहे. मार्च २०२५ मध्ये विजयनगरमच्या खासदारांनी आपल्या पगारातून बक्षीस जाहीर केले. तिसरी मुलगी झाली तर ५० हजार रुपये, मुलगा झाला तर गाय! काल तिसऱ्यासाठी दंड, आज तिसऱ्यासाठीच ओवाळणी. बदलले ते राज्यकर्त्यांचे गणित. बाळंतकळा होत्या तशाच आहेत.

दक्षिणेची भीती खोटी आहे असे मी म्हणत नाही. ज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतले, त्यांचेच लोकसभेतले बळ घटणार असेल तर तो अन्यायच. पण त्याचे उत्तर संसदेत भांडून मिळवायचे, की बाळंतिणीच्या खोलीत?

शिवाय पैशाने पाळणे हलत नाहीत. दक्षिण कोरियाने २००६ पासून योजनांवर योजना आखल्या, बाळामागे रोख रक्कम दिली, दरमहा भत्ते दिले. तरी तिथला जननदर, म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी मुले, २०२३ मध्ये ०.७२ वर उतरला. २०२४ मध्ये तो ०.७५ झाला, म्हणजे बाईमागे एक मूलही नाही. नोकरीचे लांबलचक तास, घरांच्या किमती, शिकवण्यांचा खर्च आणि घरकामाचा भार बाईच्याच डोक्यावर. हे सगळे तसेच ठेवायचे आणि वर बक्षीस लावायचे! आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार?

आता आपल्याकडे वळू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर १.७ आणि कर्नाटकाचाही १.७. गोव्याचा तर १.३. सीमेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या बायकांनी आपापल्या घरात एकच निर्णय घेतला आहे. मग टक्का घसरत असेल, तर तो पाळण्यात घसरलेला नाही, हे उघड आहे.

तो कुठे घसरतो, ते मी माझ्या घरात पाहतो. टक्क्याला किंमत आहे, हे मला कोणी शिकवायला नको. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के, तिथे त्यांच्या भाषेत सरकारी कागद मागण्याचा हक्क आपण किती वर्षे सांगतो आहोत! पण माझ्या दोन्ही नातवंडांना मराठी वाचता येत नाही. दोघेही इंग्रजी शाळेत, कन्नड गल्लीत शिकलेले, मराठी फक्त जेवणापुरती. तिसरे नातवंड असते, तर न वाचणारी तीन झाली असती. मोर्च्यात घोषणा देताना माझा घसा बसला, पण संध्याकाळी अर्धा तास त्यांना घेऊन बसलो नाही. हा दोष कोणत्याही सरकारचा नाही.

सरकारला द्यायचेच असेल तर वस्तीत पाळणाघर द्यावे, नोकरदार आईला पुरेशी रजा द्यावी, मराठी शाळेला शिक्षक द्यावेत. आणि आपण, बंधूंनो, सुनांच्या कुशीकडे बोट दाखवणे सोडावे. मूल किती, हे त्या दोघांनी ठरवावे. त्यातही आधी तिने. झालेल्या मुलाला आपण काय देतो, एवढाच प्रश्न आपला.

पुढच्या गणेशोत्सवात त्या काकींना व्यासपीठावर बसवावे, असे मी मंडळाला सुचवले आहे. आणि घरी पाटी आणली आहे. धाकट्याला 'ळ' अजून नीट काढता येत नाही.