आरतीला येताना पिस्तूल घरी ठेवा

टेक्सासमधल्या मराठी कुटुंबांना आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांना कळकळीची विनंती.

गणपती तोंडावर आलेत. कुठे शाळेचा हॉल, कुठे देवळाचं नाहीतर चर्चचं सभागृह ठरलं असेल. आपल्यापैकी काहींकडे आता पिस्तूल असतं. 1 सप्टेंबर 2021 पासून इथे 21 वर्षांवरच्या बहुतेकांना ते परवान्याशिवायही जवळ बाळगता येतं. म्हणजे कुठेही चालतं, असं मात्र समजू नका.

शाळेच्या लेखी परवानगीशिवाय तिच्या इमारतीत पिस्तूल नेलं, तर 2 ते 10 वर्षांची कैद होऊ शकते. खिशात परवाना असला तरी सुटका नाही.

देवळं आणि चर्चची गोष्ट वेगळी. तिथे मनाई केलेली नसेल तर पिस्तूल चालतं, हे 2019 मध्ये कायद्यानेच स्पष्ट केलं. परवानाधारकाला पाटी लावून अडवायचं, तर काट मारलेल्या बंदुकीचं चित्र पुरत नाही. ठरलेला मजकूर इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये, किमान एक इंच उंचीच्या अक्षरांत, सहज दिसेल असा हवा. लपवलेल्या पिस्तुलासाठी एक पाटी, उघड्यासाठी दुसरी, बिनपरवाना बाळगणाऱ्यांसाठी तिसरी. कटकट आहे खरी! पण सजावटीच्या बैठका महिनाभर चालतात, तिथे पाट्यांसाठी एक संध्याकाळ निघेलच.

‘हल्ला झाला तर?’ हा प्रश्न रास्त आहे. सदरलँड स्प्रिंग्जच्या चर्चमध्ये 2017 साली 26 जीव गेले. व्हाइट सेटलमेंटच्या चर्चमध्ये 29 डिसेंबर 2019 रोजी हल्लेखोराने दोघांना मारलं आणि काही सेकंदांत एका स्वयंसेवकाने त्याला टिपलं. पण तो स्वयंसेवक चर्चच्या सुरक्षा पथकातला होता, आणि बंदूक चालवायला शिकवणं हेच त्याचं काम होतं. आपल्याकडे पर्स खुर्चीला अडकवून आई लेकीला नऊवारी नेसवत असते आणि चारपाच पोरं चॉकलेटसाठी त्याच पर्समध्ये हात घालतात. त्या पर्समध्ये भरलेलं पिस्तूल नको. सुरक्षा हवी असेल तर मंडळाने वर्गणीतून गणवेशातला पोलीस नेमावा; मखर थोडं साधं झालं तरी चालेल.

कार्यकर्त्यांनो, जागेच्या मालकाला आजच फोन करा, पाट्यांचं ठरवा आणि निमंत्रणात ‘पिस्तूल घरी ठेवा’ ही सूचना ठळक छापा. आणि कुणी चुकून पिस्तूल घेऊन आलंच, तर ‘जरा सांभाळ’ म्हणून ते चपलांपाशी बसलेल्या पोराकडे देऊ नये. सरळ घरी जाऊन कुलपात ठेवून यावं. प्रसाद आम्ही बाजूला काढून ठेवू.