विमानतळ ते हॉटेल : शेवटचा टप्पा आणि आपले आडनाव

अक्कलकोटच्या माणसाला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. स्टेशन आले म्हणजे गाव आले असे नसते. अक्कलकोट रोडला उतरले की गाव अजून दहा-अकरा किलोमीटर लांब असते. गाडीत कोण घेतो, पैसे किती मागतो, मुक्कामाला खोली कोण देतो, हे सगळे त्या शेवटच्या टप्प्यात ठरते.

२०२५ मध्ये सोलापूरहून मुंबईला विमान सुरू झाले. सिद्धेश्वर एक्सप्रेसच्या जनरल डब्यात रात्र काढणाऱ्या आपल्या पोरांपैकी एखाद-दुसरा आता विमानानेही मुलाखतीला जातो. याचा आम्हाला आनंदच आहे. पण "विमानात कोण कुणाची जात विचारतो?" असे म्हणून कुणी समता आल्याचे जाहीर करत असेल, तर आमचा प्रश्न आहे : विमानातून उतरल्यावर काय?

हा प्रश्न आमचा नाही, बाबासाहेबांचा आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' पुन्हा एकदा वाचा. त्यात रेल्वेचा प्रवास सुरळीत होतो आणि माणूस अडतो तो स्टेशनच्या बाहेर. १९०१ च्या सुमारास लहानगे भीमराव मसूर स्टेशनवर उतरले. वडिलांच्या नोकरीच्या गावी जायचे होते. जात कळताच एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन गाडी पोरांनी स्वतः हाकायची आणि गाडीवानाने पायी चालायचे, असे ठरले. १९१७ मध्ये कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकलेला हाच माणूस बडोद्याला उतरला. राहायला जागा मिळाली ती पारशी धर्मशाळेत, तीही पारशी नाव लावून. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. १९२९ मध्ये ते बॅरिस्टर होते, सरकारी समितीचे सदस्य होते. तरी चाळीसगाव स्टेशनवरून महारवाड्यात त्यांना न्यायला टांगेवाले तयार झाले नाहीत. टांगा मिळाला, हाकणारा मिळाला नाही. नवख्या माणसाने टांगा हाकला, पुलावर अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला.

पदवी वाढली, हुद्दा वाढला, स्टेशनबाहेरचा टांगेवाला मात्र तोच राहिला.

म्हणूनच संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकाने, उपाहारगृहे यांच्या जोडीला 'हॉटेल' हा शब्द आहे, हे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या तरतुदीवर चर्चा झाली. तेव्हा बाबासाहेबांनी स्पष्ट केले की 'दुकान' हा शब्द व्यापक अर्थाने घ्यायचा आहे. मोबदला घेऊन सेवा देणारा प्रत्येक जण त्यात येतो. चाळीसगावच्या टांग्याला दिलेले उत्तर आम्हाला यात दिसते.

आता आजचे बघू. गेल्या वर्षी आम्ही दोन तरुणांना घेऊन मुंबईला गेलो होतो. विमानतळावरून ॲपवर टॅक्सी बोलावली. चालकाने चार आकडी ओटीपी विचारला, बाकी काही नाही. आम्हाला ते आवडले. पुढे लॉजच्या काउंटरवर आधार कार्ड दिले. फोनवर "रूम आहे, या" म्हणणाऱ्या माणसाने कार्ड दोनदा वाचले. "गाव कुठलं? तुम्ही कुठल्या समाजाचे?" आम्ही सांगितले. "जरा थांबा." दहा मिनिटांनी कळले की रूम फुल आहे. आमच्या मागून आलेल्या कुटुंबाला किल्ली मिळाली.

कुणी म्हणेल, हा योगायोग असेल. असेलही. पण ओळखपत्र मागणे हा नियम आहे, 'समाज' विचारणे हा कुठला नियम? आणि खरी लाज आम्हाला पुढच्या गोष्टीची वाटली. दुसऱ्या लॉजवर जाताना आमच्यातला एक जण म्हणाला, "दादा, बुकिंग नुसत्या पहिल्या नावाने करू." आम्ही होकार दिला. शंभर वर्षांपूर्वी बडोद्यात बाबासाहेबांनी दुसरे नाव लावले, कारण त्यांच्या हातात कायदा नव्हता. आमच्या हातात त्यांनीच घडवलेले संविधान होते, तरी आम्ही नाव लपवले.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. विमानतळावरून निघताना प्रीपेड काउंटरची पावती घ्या, किंवा आता मेट्रो ३ थेट विमानतळावर आली आहे, ती धरा. जिथे भाडे आणि नियम भिंतीवर लिहिलेले असतात, तिथे माणसाच्या मर्जीला जागा कमी राहते. खोलीचे बुकिंग पूर्ण नावाने करा आणि त्याचा मेसेज जपून ठेवा. नकार मिळाला तर कारण लेखी मागा, वेळ टिपून ठेवा, सोबत्याला साक्षीदार करा.

नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ मध्ये हॉटेल आणि सार्वजनिक वाहन दोन्ही येतात. "जातीवरून नाकारले हे सिद्ध कसे करणार?" असे वकीलही विचारतात. त्याच कायद्याचे कलम १२ त्यांना दाखवा. गुन्हा ठरणारे कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडले असेल, तर ते अस्पृश्यतेच्या कारणानेच घडले असे न्यायालयाने गृहीत धरायचे आहे. तसे नव्हते हे सिद्ध करण्याची जबाबदारी समोरच्यावर येते. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींतले बौद्धही यात आहेत.

आमचे भांडण टॅक्सी चालवणाऱ्या गरिबाशी नाही. तोही बहुधा आपल्यासारखाच गाव सोडून आलेला असतो. भांडण आहे ते काउंटरवरच्या त्या एका प्रश्नाशी. तो प्रश्न आज मुस्लिम तरुणालाही टोचतो, ईशान्येकडून आलेल्या मुलीलाही टोचतो. त्यांच्यासाठीही आपण तिथे उभे राहिले पाहिजे.

पुढच्या वेळी आम्ही पूर्ण नाव लिहिणार आहोत. खोली नाकारली तर तिथेच उभे राहून कारण विचारणार आहोत. तुम्हीही विचारा.

जय भीम!