पोथी वाचली, नोंदीचे काय?

2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ या नावाने एका देशव्यापी मोहिमेची घोषणा झाली. देशातील हस्तलिखितांची पाहणी, नोंदणी आणि जतन करावयाचे आणि एक कोटीहून अधिक हस्तलिखिते या कक्षेत आणावयाची, असा तिचा संकल्प आहे. त्यापूर्वी 2003 साली राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू झाले होते आणि खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय जून 2018 मध्ये देशाला अर्पण झाले होते. वाळवी, ओल आणि आपली अनास्था या तीन शत्रूंनी पोखरलेल्या आपल्या ग्रंथधनासाठी शासन पैसा काढू लागले आहे, याचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. परंतु या उत्साहात एका रुक्ष आणि बिनबोभाट चालणाऱ्या कामाची उपेक्षा होण्याचा धोका आम्हांस दिसतो. ते काम म्हणजे ग्रंथाची नोंद. संगणकाच्या परिभाषेत तिला ‘मेटाडेटा’ असे भारदस्त नाव आहे. ग्रंथाचे नाव काय, कर्ता कोण, भाषा व लिपी कोणती, तो कोठे व केव्हा लिहिला गेला आणि आज तो कोणापाशी आहे, एवढाच तिचा अर्थ.

जुन्या ग्रंथालयात नोंद चुकली, तरी ग्रंथ अगदीच नाहीसा होत नसे. कपाटापुढून जाणाऱ्या वाचकाच्या तो कधी तरी हाती लागे. एखाद्या जुन्या ग्रंथपालाच्या स्मरणात तो असे. डिजिटल ग्रंथालयात कपाटही नाही आणि कपाटापुढून जाणेही नाही. तेथे ग्रंथापाशी पोहोचण्याची वाट नोंदीतूनच जाते. नोंद चुकली, की ग्रंथ असूनही नसल्यासारखा होतो. पानांची छायाचित्रे संगणकात गेली म्हणजे पोथी वाचली, असे समजणे म्हणूनच भाबडेपणाचे आहे.

हे नीट ध्यानी यावे म्हणून आम्ही मुद्दाम गोव्यापासून दूरचे, मराठीच्या सीमेवरचे एक गाव उदाहरणासाठी घेतो. बीदर जिल्ह्याच्या बसवकल्याण तालुक्यात, कलबुर्गी जिल्ह्याच्या सीमेलगत मुडबी नावाचे गाव आहे. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत तो म्हैसूर राज्यात गेला आणि 1973 पासून त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. मराठी, कन्नड आणि उर्दू अशा तीन भाषा तेथे शेजारणींसारख्या नांदत आल्या आहेत. गोमंतकीय वाचकाला हे गाव परके वाटेल. पण ज्या कदंबांचे नाव आमच्या सरकारी बसगाड्या आजही मिरवीत आहेत, ते गोव्याचे कदंब कल्याणच्या चालुक्यांचे मांडलिक होते. कदंब राजा जयकेशी दुसरा याने कल्याणच्या विक्रमादित्य सहाव्याच्या मैलळदेवी या कन्येशी विवाह केला होता. ते कल्याण म्हणजेच आजचे बसवकल्याण. मुडबीची वाट आमच्या इतिहासातूनच जाते.

आता समजा, मुडबीच्या एखाद्या घरात मोडी कागदांचे रुमाल आणि पोथ्यांचे एक बाड निघाले. मोहिमेची माणसे आली, छायाचित्रे घेतली गेली आणि नोंद करण्याचे काम एखाद्या रोजंदारीवरच्या तरुणाकडे आले. तो गावाचे नाव रोमन लिपीत लिहील. लिहिताक्षणी ‘ड’ आणि ‘द’ यांतील भेद पुसला जाईल आणि पुढचा कोणी त्याचे ‘मुदबी’ करील. कन्नड उच्चाराप्रमाणे लिहिणारा मधे आणखी एक ‘ए’ घालील आणि एका गावाची दोन गावे होतील. पोथीच्या अखेरीस ‘कल्याण’ असे स्थळ असेल, तर तिची रवानगी ठाणे जिल्ह्यात होण्याची भीती आहे. एवढेच काय, कोणत्या रकान्यातले ‘कल्याण’ हवे हे सांगण्याची सोय नसेल, तर हा एक शब्द शोधणाऱ्यापुढे ठाण्याचे कल्याण, समर्थशिष्य कल्याणस्वामी, कल्याण राग आणि गोरखपूरचे ‘कल्याण’ मासिक अशी सारी जत्रा उभी राहील. मुडबीची पोथी मात्र त्या गर्दीत सापडावयाची नाही. आपल्याकडे काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हाच प्रकार.

कालगणनेचा घोळ याहून गंभीर. आपल्या पोथ्या शके सांगतात. त्यात 78 मिळविले, आणि जानेवारी ते फाल्गुन या अवधीत 79 मिळविले, की इसवी सन येतो. ही बेरीज न करता शकाचा आकडा सनाच्या रकान्यात टाकला तर काय होईल? आमच्या केळोशीच्या कृष्णदास शामाने ‘श्रीकृष्णचरित्रकथा’ शके 1448 मध्ये, म्हणजे 1526 साली आरंभिली. पणजीच्या ज्या मध्यवर्ती ग्रंथालयाची परंपरा 1832 पर्यंत मागे जाते, त्याला आज याच कवीचे नाव आहे. त्याच्या काव्याच्या नोंदीत 1448 हा इसवी सन म्हणून पडला, तर वास्को द गामा हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागण्याच्या पन्नास वर्षे आधी ते रचले गेले असे ठरेल! पोर्तुगीज आल्यानंतरही गोव्यात मराठी काव्य रचले जात होते, हा इतिहासाचा महत्त्वाचा पुरावा एका आकड्याच्या हयगयीने खोटा पडेल.

कर्ता आणि ग्रंथनाम यांची कथा वेगळी नाही. कल्याणच्या सोमेश्वर तिसऱ्याने शके 1051, म्हणजे 1129 च्या सुमारास एक प्रचंड ज्ञानकोश सिद्ध केला. पाच विंशती आणि प्रत्येकीत वीस अध्याय, अशी त्याची शिस्तशीर मांडणी. महाराष्ट्रात स्त्रिया ओवी गातात, याचा जुना उल्लेख त्यात आढळतो, म्हणून मराठीच्या अभ्यासकाला तो ग्रंथ मोलाचा. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत 1925 पासून तो ‘मानसोल्लास’ नावाने निघू लागला. म्हैसुरात 1926 साली तोच ‘अभिलषितार्थचिंतामणी’ नावाने छापला गेला. दोन्ही नावे अस्सल आहेत. पण ती एकाच ग्रंथाची आहेत, हे नोंदीने सांगितले नाही, तर बडोद्याची प्रत पाहणाऱ्याला म्हैसूरच्या प्रतीचा पत्ता लागणार नाही. हुमनाबादच्या माणिकप्रभूंची पदे मराठी, कन्नड, हिंदी अशा अनेक भाषांत आहेत. ‘भाषा’ या रकान्यात एकच नाव लिहिण्याची मुभा असेल, तर अशा संग्रहाच्या बाकीच्या भाषा गडप होणार.

गोमंतकीयांना तर हा अनुभव नवा नाही. पोर्तुगीज दप्तरांनी आमच्या कामतांचे ‘कामोतिम’, प्रभूंचे ‘पोरोबो’ आणि शेणव्यांचे ‘सिनाय’ केले. जुने कागद धुंडाळणाऱ्या प्रत्येकाला हे रूपांतर तोंडपाठ असावे लागते. ज्याने 1616 साली ‘क्रिस्तपुराण’ प्रसिद्ध केले, तो इंग्रज पाद्री कोठे स्टीफन्स, कोठे स्टीव्हन्स, तर पोर्तुगीजांत एस्तेव्हांव होतो. ग्रंथाची भाषा मराठी, मूळ मुद्रण रोमन लिपीत. म्हणजे भाषा आणि लिपी यांना एकच रकाना देऊन भागत नाही. त्याच्याच कोकणी व्याकरणाच्या 1640 च्या पोर्तुगीज मथळ्यात भाषेला ‘कानारी’ म्हटले आहे. अजाण नोंदकार त्याची भाषा कन्नड लिहून मोकळा होईल! जी अडचण पोर्तुगीजांमुळे आमच्या वाट्याला आली, तीच निजामाच्या फार्सी-उर्दू दप्तरांमुळे मुडबीच्या वाट्याला आली आहे. दोन्ही मुलूख महाराष्ट्राबाहेर, दोन्हींकडे मराठीला शेजारीण भाषा आहे आणि दोन्हींकडच्या मराठी ग्रंथधनाला वाली कोण, हा प्रश्न आहे.

यावर कोणी म्हणेल, की नोंदीची आंतरराष्ट्रीय प्रमाणे तयार आहेत, ती लागू केली की झाले. प्रमाणे आहेत, हे खरे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने 1960 च्या दशकात यंत्राला वाचता येईल अशा नोंदीची ‘मार्क’ पद्धती सिद्ध केली. 1995 साली ओहायो राज्यातील डब्लिन गावी भरलेल्या बैठकीतून ‘डब्लिन कोअर’ हे सुटसुटीत प्रमाण जन्मास आले आणि पुढे त्याचे पंधरा रकाने जगभर रूढ झाले. परंतु या पंधरांपैकी एकही रकाना भरलाच पाहिजे असे बंधन त्या प्रमाणात नाही. प्रमाण म्हणजे रिकामा फडताळ. त्यात काय आणि कसे ठेवावयाचे, हे घरच्या माणसानेच ठरवावे लागते. दहा लक्ष ग्रंथांच्या जागतिक प्रकल्पाचा भाग म्हणून बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ उभी राहिली, तेव्हा हा धडा आपल्याला मिळाला होता. तिच्या लाखो ग्रंथांच्या प्रती आज इंटरनेट आर्काइव्हवर आहेत, हे आपले भाग्य. पण त्यांतील कित्येक मराठी ग्रंथांची नावे रोमन लिपीत, कोणत्याही नियमाविना लिहिली गेली आहेत. ‘ज्ञानेश्वरी’तला ‘ज्ञ’ कोणी ‘डीएनवाय’ने लिहावा, कोणी ‘जेएन’ने, कोणी ‘जीवाय’ने, शोधणाऱ्याने तरी किती दारे ठोठवावीत?

दुसरा आक्षेप अधिक आधुनिक आहे. संगणक आता स्वतःच ग्रंथ वाचू लागला आहे, तेव्हा नोंदीची कटकट हवीच कशाला, असे विचारले जाते. छापील देवनागरी यंत्र बऱ्यापैकी वाचते, हे आम्हांस मान्य आहे. मोडीला यूनिकोडमध्ये 2014 साली स्थान मिळाले आणि मोडी हस्ताक्षर यंत्राकडून वाचून घेण्याचे प्रयोगही चालू आहेत. परंतु यंत्राने ‘कल्याण’ हा शब्द अचूक वाचला, तरी तो कोणत्या कल्याणचा, हे पोथी ज्या घरातून आली त्या घराला ठाऊक असते. पोथी कोठून आली हेच लिहून ठेवले नसेल, तर यंत्र ते आणणार कोठून? शिवाय असली यंत्रे आपण केलेल्या नोंदींवरच शिकतात. आपली चूक ती गिरवतील आणि हजार ठिकाणी पोहोचवतील.

ही शिस्त आपल्याला परकी नाही. पोथीच्या अखेरीस शके, संवत्सर, मास, तिथी, वार, स्थळ आणि लेखकाचे नाव देणारी पुष्पिका म्हणजे आपल्या पूर्वजांनी केलेली नोंदच होती. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यांत वाचकाचा वेळ वाचविण्यास स्थान दिले आणि 1934 साली तालिकेची स्वतंत्र संहिता रचली. शंकर गणेश दाते यांनी 1800 ते 1937 या काळातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली आणि 1938 ते 1950 या काळाचा दुसरा खंड 1961 साली आणला. संगणकाचा आधार नसताना एका माणसाच्या चिकाटीतून उभे राहिलेले ते काम आजही अभ्यासकांच्या हाताशी असते. मग आज साधने विपुल असताना आपण मागे का राहावे?

आमच्या अपेक्षा चार आहेत. पहिली, हस्तलिखितांच्या छायाचित्रणासाठी जो निधी मंजूर होईल, त्यातील निश्चित वाटा नोंदीसाठी राखून ठेवावा, आणि पोथी घरातून हलण्यापूर्वी तिची प्राथमिक नोंद त्या घरच्या माणसांना विचारून व्हावी. दुसरी, मूळ नाव मूळ लिपीत लिहावे. भाषा, लिपी, शके आणि सन यांना वेगळे रकाने द्यावेत. तिसरी, मराठी ग्रंथकारांच्या आणि स्थळांच्या नावांची एक सामाईक सूची तयार व्हावी. तीत कल्याणी, कल्याण, बसवकल्याण किंवा गुलबर्गा, कलबुर्गी ही सारी रूपे एका क्रमांकाखाली यावीत, तशीच कामत आणि कामोतिम हीही यावीत. चौथी, मोडी, फार्सी, कन्नड आणि पोर्तुगीज जाणणाऱ्यांना या कामावर सन्मानाने आणि योग्य वेतनावर नेमावे. मोडी शाळांतून जाऊन कित्येक दशके लोटली. ती सहज वाचणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. छायाचित्रे दहा वर्षांनीही घेता येतील, पण ही माणसे तोवर थांबणार नाहीत.

बीदर आणि कलबुर्गीतील काही गावांसह 865 गावांवर महाराष्ट्राचा दावा आहे आणि तो वाद न्यायालयात आहे. त्याचा निकाल जो लागायचा तो लागो. पोथ्यांना त्याची वाट पाहावयास लावू नये. महाराष्ट्राने ‘आमच्या राज्यातील नव्हे’ म्हणून आणि कर्नाटकाने ‘आमच्या भाषेतील नव्हे’ म्हणून मुडबीची पोथी नोंदीबाहेर ठेवली, तर तिचा नाश वाळवीइतकाच या दोन वाक्यांनी होईल. या सामाईक सूचीचे काम महाराष्ट्र, कर्नाटक आणि गोवा या तीन राज्यांनी एकत्र बसून करावे. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याला हेच शोभेल. यात पुढाकार गोव्याने घ्यावा असे आम्हांस वाटते; कारण एकाच माणसाची, एकाच गावाची आणि एकाच भाषेची अनेक नावे सांभाळण्याचा सराव आमच्याइतका दुसऱ्या कोणालाही नसेल.

आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या देवघरात, माळ्यावर किंवा मठ-देवस्थानांच्या पेटाऱ्यांत जुनी बाडे असतील. सरकारी मोहीम यावयाची तेव्हा येईल. तोवर प्रत्येकाने एवढे करावे : पोथी कोणाची, घरात कोठून आली, कोणत्या पूर्वजाच्या हातची आणि ते घराणे मूळ कोणत्या गावचे, हे एका कागदावर देवनागरीत स्वच्छ लिहून बाडाबरोबर ठेवावे. घरातील वडीलधाऱ्यांना आज हे विचारता येते. आणखी काही वर्षांनी ते सांगावयास कोणी उरणार नाही.