चित्रकाराचा रकाना

राज कॉमिक्सचा नागराज १९८६ साली हिंदीत अवतरला. त्याला देह दिला तो मात्र पुण्याच्या प्रताप मुळीक यांच्या कुंचल्याने. 'अमर चित्र कथे'तील वीरपुरुष रेखाटून सरावलेला तो हात! म्हणूनच नागराजाच्या दंडांना वजन होते. येरवड्याच्या आमच्या वसतिगृहात हातोहात फिरलेले ते अंक आम्ही वाचले कमी, न्याहाळले अधिक. पुढे नागराज अनुपम सिन्हा यांच्याकडे गेला. चौकटी दाटल्या, हालचालींना वेग आला आणि ओळखीचा नायक निराळा भासू लागला. काहींना तो अधिक भावला. आम्हांस विचाराल तर जुनाच. वाद सारा रेषेवरून चाले. मुलांची नजर मोठ्यांच्या समजुतीपेक्षा पुष्कळच तयार असते.

बाबासाहेबांवरील 'भीमायन' (२०११) घ्या. दुर्गाबाई व सुभाष व्याम यांच्या गोंड शैलीतील चित्रांवाचून ते पुस्तक उरतच नाही. तरीही शाळांच्या ग्रंथालयांतील नोंदवह्यांत लेखकाला रकाना असतो, चित्रकाराला बहुधा नसतो. मग वहीच्या मागच्या पानावर चित्रे काढणाऱ्या मुलाला, हेही पोट भरण्याचे काम आहे, हे कळावे कसे? आपल्या शाळेने येत्या वर्षी तो रकाना आखावा.