बंदूक शिकवताना भीड नको

शेतकरी बंधूंनो, रानडुकरांनी एका रात्रीत भुईमुगाचं शेत नांगरल्यासारखं करून ठेवलं, वानरांनी नारळाचे कोवळे घड खाली पाडले, म्हणून आपल्यापैकी अनेकांनी शेतीसंरक्षणाच्या बंदुकीसाठी अर्ज केले असतील. काहींच्या वडिलांची बंदूक आता मुलाच्या नावावर करायची असेल. अर्जाबरोबर सातबारा जोडला, ओळखीचे पुरावे जोडले. २०१६ च्या शस्त्र नियमांनी त्यात आणखी एका कागदाची भर घातली, ती म्हणजे शस्त्र हाताळण्याचं सुरक्षा प्रशिक्षण घेतल्याचा दाखला. गावोगाव समज असा, की हाही इतर कागदांसारखाच एक कागद. एक दिवस जायचं, चहा प्यायचा, सही-शिक्का घेऊन यायचं.

तसं नाही. या वर्गात भरलेली बंदूक हातात येते आणि शेजारी माणसं उभी असतात. तिथं जो धोक्याचं वागेल त्याला तिथल्या तिथं थांबवलं पाहिजे. ऐकत नसेल तर दाखला न देता परत पाठवलं पाहिजे, मग तो कुणाचाही कोण असो.

धोक्याचं वागणं म्हणजे काय? दारू पिऊन आलेला माणूस तर सगळ्यांनाच ओळखू येतो. त्याला फाटकातूनच परत पाठवावं, त्यात चर्चेला जागा नाही. नवशिक्याचं वेगळं असतं. बारा बोअरची जोडनळी बंदूक त्याच्या हातात असते. पहिली नळी झाडली, धुरळा उडाला, आणि गडी आनंदानं "लागली का हो?" म्हणत गर्रकन मागे वळतो. बंदूकही त्याच्याबरोबर वळते. दुसऱ्या नळीत काडतूस आहे, घोडा चढवलेला आहे, बोट चापावर आहे. मागच्या बाकावर बसलेल्या आठदहा जणांच्या छातीवरून ती नळी फिरून जाते. वाईट हेतू कुणाचाच नसतो.

यावर जुना उपाय आहे आणि तो उत्तम आहे. पहिल्या दिवशी एका वेळी एकच काडतूस द्यायचं. शिकवणाऱ्यानं शिकाऊ माणसाच्या मागे, जरा बाजूला, हात पोहोचेल एवढ्या अंतरावर उभं राहायचं. नवशिक्याला मागून नावानं हाक मारायची नाही. हाक मारली की माणूस हाकेकडे वळतो, बंदुकीसकट. "बंदूक खाली कर" असंही ओरडायचं नाही, कारण घाबरलेला माणूस नळी स्वतःच्या पायावर नाहीतर शेजाऱ्याच्या पायावर आणतो. आज्ञा एकच असावी: "थांब!" ती ऐकली की ओळीतल्या सगळ्यांनी आहे तिथं, नळी निशाणाकडे ठेवून, बोट चापावरून काढून थिजायचं. ही आज्ञा वर्गातल्या कुणीही द्यावी, पाणी वाटणाऱ्या पोरानंसुद्धा. मग शिकवणाऱ्यानं मागून पुढे होऊन नळी निशाणाकडेच दाबून धरावी, बंदूक ताब्यात घ्यावी, उघडावी, काडतूस काढावं आणि त्यानंतर बोलावं. समोरून जाऊन बंदूक हिसकावणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

बोलावं कसं, हेही महत्त्वाचं आहे. आपल्याकडे माणूस अपमान विसरत नाही. चारचौघांत झाडलं तर तो वर्ग सोडून जाईल आणि घरच्या बंदुकीवर तेच करत राहील. म्हणून थांबवणं सगळ्यांसमोर, मोठ्यानं. समजावणं बाजूला नेऊन, हळू आवाजात. त्यानंतर रिकाम्या बंदुकीवर तीच कृती दहा-वीस वेळा करून घ्यावी आणि त्याच दिवशी पुन्हा संधी द्यावी. एवढ्या लांबून भाडं खर्चून, मजुरी बुडवून आलेल्या शेतकऱ्याला पहिल्या चुकीला घरी धाडणं हा अन्याय होईल. नेम धरायच्या ओळीतून त्याला बाहेर काढावं, पण वर्गातून काढू नये.

खरी पंचाईत होते ती जाणत्या माणसाची. चाळीस वर्षं ठासणीची बंदूक वापरलेले आबा वर्गात येतात. शिकवणारा त्यांच्या नातवाच्या वयाचा. तो म्हणतो, "आबा, बोट चापावरून काढा." आबा म्हणतात, "तू जन्मला नव्हतास तेव्हापासून ही हातात आहे." आणि सगळे हसतात. या हसण्यानं शिकवणाऱ्याचं तोंड बंद होतं. पण आबांच्या सवयी पाहा. बंदूक ठासून रात्रभर माळ्यावर टेकवून ठेवायची. केप चढवलेली असतानाच वरून गज मारायचा. बार झाला नाही की नळीत डोकावायचं, नाहीतर फुंकर घालायची. चाळीस वर्षांत काही झालं नाही ही आबांची हुशारी नव्हे, नशीब आहे. बार न झालेली ठासणीची बंदूक उशिरानंही फुटते. काडतूस फुटलं नाही तर नळी निशाणाकडे धरून किमान अर्धा मिनिट थांबायचं असतं आणि ठासणीच्या बंदुकीला त्याहून जास्त. हे आबांना मान देऊन सांगावं, "तुमचा अनुभव मोठा आहे, पण इथं पोरं तुमच्याकडे बघून शिकतात" असं म्हणावं. बहुतेक जुनी माणसं एवढ्यानं ऐकतात. न ऐकणाऱ्याला मात्र वयाकडे बघून दाखला देऊ नये.

शाळा-कॉलेजातल्या एनसीसीच्या पोरांना पॉइंट टू टू रायफलीवर नेमबाजी शिकवतात. तिथं सुरक्षेच्या आज्ञेवर कुणी वाद घालत बसत नाही. आपल्या प्रौढांच्या वर्गात तेवढंच नेमकं कमी पडतं.

दोष नेहमी शिकणाऱ्याचाच असतो असंही नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात एका खासगी फायरिंग रेंजवर नऊ वर्षांच्या मुलीच्या हाती उझी ही छोटी मशिनगन देण्यात आली. आधी एकेक गोळी झाडून झाली, मग बंदूक सलग गोळ्या सुटतील अशी लावून दिली. झटक्यानं नळी वर उचलली गेली आणि शेजारी उभा असलेला शिकवणाराच गोळी लागून मेला. त्या पोरीला काय दोष द्यायचा? हाताला पेलणार नाही ते दिलं, तिथंच चुकलं. आपल्याकडे मशिनगन नसेल, पण किडकिडीत पोराला पहिल्याच दिवशी बारा बोअरचं जड काडतूस द्यायचं आणि धक्क्यानं मागे कोलमडला की हसायचं, हे त्याच जातीचं आहे.

आता सरपंच आणि पोलीस पाटील मंडळींना हात जोडून एक विनंती. वर्गात कुणाला थांबवलं की संध्याकाळी शिकवणाऱ्याला फोन जातो: "आपलाच माणूस आहे, घ्या सांभाळून." भीड भिकेची बहीण म्हणतात; इथं ती भिकेवर थांबत नाही. कोकणात रानात डुक्कर समजून माणसावर गोळी झाडल्याच्या बातम्या अधूनमधून येतातच. झुडूप हललं की आधी बोट चापावर, मग डोळे; ही खोड वर्गात दिसलेली असते. तुमच्या शब्दाखातर ज्याला दाखला मिळाला, तो रात्री बॅटरी घेऊन तुमच्याच गावच्या रानात फिरणार आहे. गुराखी तुमच्या गावचा, पाणी लावायला गेलेला माणूसही तुमच्याच गावचा. त्यापेक्षा पोलीस पाटलांनी उलट फोन करावा: अमका पितो, अमक्यानं लग्नात बार उडवले होते, याच्याकडे नीट लक्ष ठेवा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर निष्काळजीपणे किंवा लग्न-वरातीत हौसेनं गोळी झाडून लोकांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. हे किती गावांत माहीत आहे, कोण जाणे!

जाता जाता आणखी एक. बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायची परवानगी नव्हे. ती वन्यजीव कायद्याखाली वनखात्याकडून वेगळी घ्यावी लागते. हेही वर्गात सांगितलं गेलं पाहिजे. "परवाना मिळाला की बघतोच त्यांना" म्हणणारा शिकाऊ दिसला, तर त्याला हे दोनदा सांगावं.

शेतकऱ्यांची एक तक्रार मात्र रास्त आहे. जिल्ह्याच्या गावी जाऊन यायचं म्हणजे दिवस मोडतो, आणि "पुन्हा या" म्हटलं की दुसरा दिवस मोडतो. म्हणूनच शिकवणाऱ्याला नाही म्हणणं जड जातं. हा वर्ग तालुक्याच्या ठिकाणी महिन्यातून एकदा भरला, मागे मातीचा उंच बांध असलेली सुरक्षित जागा मिळाली, तर नापास झालेल्याला पुढच्या महिन्यात परत येता येईल आणि दाखला अडवल्याचं कुणाला एवढं लागणार नाही. ग्रामसभेत तसा ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवता येतो. खरिपाच्या पेरणीआधी पाठवला, तर पीक पोटरीत येईपर्यंत निदान उत्तर तरी हातात असेल.