उरलेल्या औषधाचा धोका

पिंपरीत १९५५ साली पेनिसिलीनचे उत्पादन सुरू झाले, तेव्हा ते दुर्मीळ होते. आज जळगाव-धुळ्याच्या लहान गावांतही प्रतिजैविके सहज मिळतात. धोका या सुलभतेतच आहे. विषाणूजन्य सर्दीवर ती निरुपयोगी. जिवाणूजन्य न्यूमोनियात मात्र प्राणरक्षक. मुलाची मात्रा वजनावर ठरते आणि पाण्यात कालवलेले औषध काही दिवसांतच निकामी होते. म्हणून थोरल्याचे उरलेले औषध धाकट्याला पाजणे घातक होय. अकारण वापराने जिवाणू औषधाला दाद देईनासे होतात. निवडक प्रतिजैविकांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद २०१४ पासून बंधनकारक आहे. पण पालकच चिठ्ठीवाचून बाटली मागू लागले आणि दुकानदार देऊ लागले, तर नोंदवही काय करणार? उद्या खऱ्या संकटात हेच औषध हरले, तर किंमत बालकालाच मोजावी लागेल.