पूर दैवाचा की आमच्या करणीचा ?

आकाश काळवंडून ढग गडगडू लागले की ओढ्याकाठच्या लोकांच्या उरात आता धडकी भरते, आणि ती निराधार नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगराकडून आंबील ओढा उसळला. भिंती कोसळल्या, मोटारी काडीप्रमाणे वाहून गेल्या, आणि पुणे व आसपासच्या भागात वीसहून अधिक माणसे प्राणांस मुकली. ह्यास 'दैवी कोप' म्हणून हात झटकण्याची आमच्या लोकांची रीत जुनी आहे. ती सर्वस्वी चुकीची आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वैशाखातला वळीव काय किंवा परतीचा पाऊस काय, दोहोंचा स्वभाव एकच. तापलेली दमट हवा वेगाने वर चढते, दहा-बारा किलोमीटर उंचीचे ढग उभे राहतात, आणि तासा-दोन तासांत थोड्याशा मुलखावर सारे पाणी रिते होते. नदीचा पूर बहुधा सूचना देऊन येतो. ओढ्याचा पूर घटकाभरात दाराशी उभा राहतो. एक चौरस किलोमीटर जागेवर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी दहा कोटी लिटर भरते. मातीची जमीन त्यातील काही भाग पिऊन टाकते. सिमेंट व डांबर जवळजवळ काहीच पीत नाही.

आता हे पाणी जावे कोठून ? नानासाहेब पेशव्यांच्या काळी ह्याच आंबील ओढ्याचा प्रवाह वळविण्यात आला; परंतु पाण्यास दुसरी वाट देऊन पर्वतीच्या पायथ्याशी तळेही करण्यात आले. आम्ही मात्र वाट हिरावून घेतली आणि मोबदल्यात काही दिले नाही. पात्रात भराव टाकले, काठावर भिंती उभारल्या, मोऱ्या अरुंद ठेवल्या. हा दोष एकट्या पुण्याचा नव्हे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा कोंडलेल्या मिठी नदीने मुंबईस हाच धडा दिला. सप्टेंबर २०२३ मध्ये नाग नदीने नागपुरास दिला.

कित्येक म्हणतील, 'वेधशाळा आधी का सांगत नाही ?' वेधशाळा सांगते. जिल्ह्याजिल्ह्यास पिवळा, नारिंगी, तांबडा असे इशारे मिळतात. पुढील तीन तासांत कोठे गडगडाटी पाऊस संभवतो, हेही कळविले जाते. परंतु अमक्या गल्लीत अमक्या वेळी पाणी शिरेल, हे वेधशाळेने सांगावे ही अपेक्षा व्यर्थ आहे. जिल्ह्याचा इशारा गल्लीपर्यंत नेणे हे नगरपालिकेचे व नागरिकांचे काम. मध्यरात्री निजलेल्या माणसास दार ठोठावून उठविणारा कोणी नसेल, तर तो इशारा असून नसल्यासारखाच.

व्यापारी बंधूंसही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. गटारावर फळ्या टाकून दुकान चार हात पुढे आणावयाचे, तळघरात माल भरावयाचा, आणि तो भिजला म्हणजे सरकारच्या नावाने बोटे मोडावयाची, हा न्याय कोणता ? बेकायदा बांधकाम दंड भरून नियमित करून घेण्यासाठी खटपट करणारेही आम्हीच ना ?

म्हणून आमची मागणी अशी की, ओढ्यांच्या हद्दी मोजून त्यांचे नकाशे लोकांपुढे मांडावेत. अतिक्रमण काढताना श्रीमंताची इमारत व गरिबाची झोपडी ह्यांत भेद करू नये, मात्र गरिबास दुसरे घर दिल्यावाचून हुसकू नये. प्रत्येक ओढ्याच्या वस्तीसाठी एक अधिकारी जबाबदार नेमून त्याचे नाव जाहीर करावे, आणि इशारा मिळताच जवळची शाळा रात्रीही उघडली जावी. ह्यांपैकी एकाही गोष्टीस दैवाची अनुमती लागत नाही. पाऊस आमच्या हाती नाही; ओढ्याची वाट आहे. ती मोकळी न करता पुढच्या पुरात पुन्हा दैवास बोल लावणे, हे मेलेल्यांची थट्टा करण्यासारखे होईल.